घर रोज पुसूनही शिंका का थांबत नाहीत? किनारपट्टीच्या दमट घरांसाठी समस्या निवारण

तक्रार साधारण अशी असते. जून सरला की सकाळी डोळे उघडताच शिंकांची माळ लागते, नाक चोंदतं, टाळूला खाज सुटते. घर रोज झाडलं जातं, फरशी दोन वेळा पुसली जाते, गणपतीआधी पडदेही धुऊन होतात. कपाटामागची काळी बुरशी ब्लीच लावून काढलेली असते. आठ-पंधरा दिवस बरं जातं आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यापर्यंत हे घरोघरी चालतं.

सफाई कमी पडते म्हणून हे होत नाही. सफाईत धूळ निघते, ओल तशीच राहते, आणि खरा कारखाना ओलीवर चालतो. गादीतले डस्ट माइट, म्हणजे धुळीत राहणारे सूक्ष्म किडे, पाणी पीत नाहीत, ते हवेतली वाफ अंगात ओढून घेतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती टक्के वाफ आहे ती) ५० टक्क्यांच्या खाली सलग राहिली तर ते सुकून मरतात, आणि ७०-८० टक्क्यांना त्यांची चैन असते. बुरशीचंही तेच. भिंतीला लागून असलेली हवा ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशीला वरून पाणी गळायचीही गरज नसते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर बाहेरचीच आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या आगेमागे असते. म्हणजे तुम्ही पुसता आणि पाठोपाठ पीक पुन्हा उगवतं.

म्हणून पहिला सल्ला असा की अख्खं घर कोरडं करायचा नाद सोडा. झोपायची एक खोली धरा, ती कोरडी करा, तिथलं अंथरूण नीट करा. आठ तास नाक त्या उशीत असतं. बैठकीच्या खोलीतल्या शोकेसवर कितीही फडकं मारलं तरी त्याची बरोबरी होत नाही.

आधी वेळ आणि जागा पाहा

शिंका कधी येतात यावरून बराच उलगडा होतो. झोपेतून उठताना किंवा चादर झटकताना येत असतील तर गादी-उशी. कपाट, माळा किंवा पुस्तकांचं शेल्फ उघडल्यावर येत असतील तर बुरशी. एसी लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत येऊन नंतर थांबत असतील तर एसीचा फिल्टर आणि कॉइल. स्वयंपाकघरात रात्री उशिरा किंवा पहाटे त्रास वाढत असेल तर झुरळांकडे बघा. फक्त केर काढताना होत असेल तर दोष झाडूचा आणि झाडण्याच्या पद्धतीचा. एकाच घरात यातली दोन-तीन कारणं एकत्र असणं हीच नेहमीची गोष्ट आहे.

छातीत घरघर, रात्री खोकल्याने जाग येणं, जिना चढताना धाप लागणं असं काही असेल तर डॉक्टरांकडे आधी जा, सफाई नंतर. कशाची अॅलर्जी आहे हे त्वचेवरच्या चाचणीतून कळतं, आणि ते कळलं की निम्मी मेहनत वाचते. घर कोरडं झालं म्हणून चालू असलेला इनहेलर आपल्या मनाने बंद करू नका.

आर्द्रता मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. स्वस्तातला चालतो, पण स्वस्तातले पाच-सात टक्के सहज चुकतात, म्हणून आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून वर पाणी साचता कामा नये. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर तो मीटर ५ टक्के जास्त दाखवतो, तेवढे प्रत्येक वेळी वजा करा.

आता मीटर पलंगाच्या उंचीवर ठेवा. पंख्याखाली नको, खिडकीत नको. पहाटे, दुपारी आणि झोपताना आकडा लिहून ठेवा. रात्रीचा आकडा ५० ते ५५ वर आणायचा आहे, आणि दिवसभरात ६० च्या वर फार वेळ जाऊ द्यायचा नाही.

पाणी कुठून येतं?

सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत ९०० ग्रॅमच्या आत. त्यातही ८० टक्के जागा आधीच भरलेली. उरली जेमतेम १७०-१८० ग्रॅमची. आणि मशिनमधून पिळून काढलेल्या चार किलो कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी असतं! ते सगळं भिंत, गादी आणि कपाटातले कपडे शोषून घेतात. झोपायच्या खोलीत दोरी बांधली असेल तर आजच काढा. कपडे गॅलरीत पंखा लावून वाळवा, नाहीतर एकाच बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) लावून. बाथरूममध्ये वाळवायचे असतील तर एक्झॉस्ट चालू आणि दार बंद.

गॅसही पाणी बनवतो. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते. १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोजचं अर्धा लिटर झालं, शिवाय भाताची आणि डाळीची वाफ वेगळी. चिमणी नुसती फिल्टरवाली असेल तर ती तेल पकडते, वाफ तशीच खोलीत सोडते. बाहेर पाइप काढलेली चिमणी किंवा साधा एक्झॉस्ट पंखा इथे जास्त कामाचा. अंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट २०-३० मिनिटं चालू द्या. आरसा निवळला म्हणजे भिंती सुकल्या असं नाही.

तिसरं कारण भिंत. इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो, कारण भिंतीवर ओल दिसली की रंगारी बोलावला जातो. आधी ही ओल बाहेरून झिरपते आहे की खोलीतलीच वाफ भिंतीवर जमते आहे, हे ठरवा. ओलसर जागा फडक्याने पुसून हेअर ड्रायरने वरवर सुकवा. त्यावर फूटभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर वाफ जमते आहे, आणि तो प्रश्न आर्द्रतेचा आहे. फॉइलच्या मागे, भिंतीकडे पाणी असेल तर झिरपणं आहे: बाहेरच्या प्लास्टरला तडे, खिडकीच्या चौकटीची फट, वरच्या मजल्याचं बाथरूम, किंवा पायातून वर चढणारी ओल. झिरपणाऱ्या भिंतीवर आतून कितीही महागडा बुरशीरोधक रंग लावा, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटणारच.

खोली कोरडी करताना होणाऱ्या चुका

एसी असेल तर तोच तुमचा डीह्युमिडिफायर आहे, पण नीट वापरला तर. १२० चौरस फुटांच्या खोलीला दीड टनाचा एसी लावला की खोली झटपट थंड होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि पाणी निघायच्या आधीच काम थांबतं. खोली गार, पण सर्द. अशा वेळी तापमान आणखी उतरवायचं नसतं. २५-२६ अंश ठेवा, पंख्याचा वेग कमी करा आणि ड्राय मोड वापरा. आउटलेटच्या नळीतून पाणी ठिबकतं का ते बघा. तासाभरात एक थेंबही नाही आला तर एक तर खोली कोरडी आहे, नाहीतर ड्रेन तुंबून पाणी आतल्या ट्रेमध्ये कुजतं आहे. कुबट वास येत असेल तर दुसरंच.

एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली वाफेचं दव होतं ते तापमान, सुमारे २६ अंश असतो. रात्रभर २२ अंशांवर गार केलेल्या खोलीची खिडकी सकाळी उठल्याबरोबर सताड उघडली, की भिंती, आरसा, कपाटाची दारं आणि गादी यांवर ती वाफ दव होऊन बसते. रात्रभर काढलेल्या पाण्यातलं बरंचसं परत आलं. म्हणून एसी बंद केल्यावर अर्धा तास दार-खिडकी बंद ठेवून नुसता छताचा पंखा फिरू द्या, खोली जरा तापू द्या, मग उघडा.

एसीचा फिल्टर वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. पाण्याची धार मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ जाळीत न रुतता बाहेर पडते. पूर्ण सुकल्यावरच बसवा. आतला गोल ब्लोअर टॉर्च मारून बघा. त्याच्या पात्यांवर काळे ठिपके असतील तर फिल्टर धुऊन भागणार नाही, सर्व्हिसवाल्याकडून जेट पंपाने धुऊन घ्यावा लागेल, आणि तेही खोलीतलं अंथरूण बाहेर काढून.

एसी नसेल तर अशा खोलीला दिवसाला १०-१२ लिटरचा डीह्युमिडिफायर बहुधा पुरतो. खोक्यावरचा आकडा सहसा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेला असतो. आर्द्रता ६० वर आली की तेच यंत्र बरंच कमी पाणी काढतं, तो बिघाड नव्हे. खोली दोन-तीन अंशांनी गरम होते, म्हणून झोपण्याआधी तीन-चार तास चालवा. दारं-खिडक्या बंद हव्यात, नाहीतर ते अरबी समुद्र उपसत बसतं.

दोन्ही नसेल तर? मग खरं सांगायचं तर जुलैमध्ये ६५-७० च्या खाली जाणं कठीण. पाऊस थांबलेला असेल तेव्हा दुपारी १२ ते ४ समोरासमोरच्या खिडक्या उघडा, कारण ऊन चढलं की बाहेरची सापेक्ष आर्द्रता दिवसातली सर्वांत कमी असते. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ओढा. पलंगाखाली सामान ठेवू नका. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे चालतात, खुल्या खोलीत त्यांचा उपयोग शून्य. कळीच्या चुन्याचा जुना उपायही कपाटापुरता ठीक आहे. एक किलो चुना जास्तीत जास्त ३२० ग्रॅम पाणी धरतो. तो पाणी घेताना तापतो आणि फुगतो, म्हणून स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरा आणि मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. डांबराच्या गोळ्यांनी कसर लागत नाही एवढंच. ओल कमी होत नाही, वासाने दमेकऱ्याला त्रास होतो, आणि रक्तपेशींना जपणारं जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांना तर त्या धोक्याच्या आहेत.

अंथरूण

डस्ट माइट पाव-एक मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. त्रास त्याच्या विष्ठेच्या कणांनी होतो. हे कण तुलनेने जड असतात, हवेत उडाले तरी अर्ध्या तासात खाली बसतात. त्यामुळे खोलीत एअर प्युरिफायर लावून माइटची अॅलर्जी फारशी हटत नाही. उशीत तोंड खुपसल्यावर मधे प्युरिफायर येतच नाही.

चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा धुवा. माइट मारायला पाणी ५५-६० अंश लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशिनमध्ये थंड पाणीच येतं. थंड धुण्यात विष्ठेचे कण बरेचसे वाहून जातात, माइट मात्र धाग्यांना धरून जिवंत राहतात. तेव्हा गिझर पूर्ण तापवून सुती कपडे बाल्दीत बुडवा, झाकण ठेवा, २० मिनिटांनी मशिनमध्ये टाका. पाणी ओतल्यावर थर्मामीटरने एकदा पाहा, हिवाळ्यात गिझर ६० दाखवतो आणि बाल्दीत ५० च उरतात. ते जमत नसेल तर थंड धुऊन, वाळल्यावर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. शिवणीवर आणि दुमडीवर इस्त्री जरा थांबवा, माइट तिथेच दडतात. लोकरी पांघरूण किंवा मुलांची मऊ खेळणी पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना २४ तास ठेवा आणि नंतर धुवा. गारठून मेलेले माइट आपोआप नाहीसे होत नाहीत.

चादर काढताना झटकू नका, कडा आत दुमडत गुंडाळी करा. गादी आणि उशीला चेन असलेलं, दाट विणीचं माइटरोधक कव्हर घाला. छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत, आणि चेनच्या टोकाला उरणारी फट कापडी पट्टीने बंद करा. रेक्झिनचं कव्हर स्वस्त पडतं, पण घामाने खालून ओल धरतं. सावरीच्या कापसाची दहा-बारा वर्षांची उशी कव्हरमध्ये घालण्यापेक्षा टाकून दिलेली बरी. सकाळी उठल्यावर पलंग लगेच आवरू नका. पांघरूण बाजूला करून पंख्याखाली तासभर गादी उघडी ठेवा, रात्रीचा घाम उडू द्या.

झाडू आणि पुसणं

क्रम वरून खाली. पंख्याचं पातं उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून पुसत मागे ओढा, धूळ अभ्र्यातच राहते. मग कपाटाचं डोकं, खिडकीचे गज, पलंगाची चौकट आणि सर्वांत शेवटी फरशी. कोरड्या झाडूने केर काढायच्या आधी ओलसर मॉप फिरवा, निदान झोपायच्या खोलीत. नवा फूलझाडू पहिले काही दिवस स्वतःचाच भुसा सांडतो. बाहेर आपटून, धुऊन, वाळवून मग घरात आणा. व्हॅक्यूम क्लीनर हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा नसेल तर बारीक धूळ मागून परत खोलीत फेकतो. अॅलर्जीवाल्याने हे काम करू नये. करावंच लागलं तर एन-९५ मास्क लावून, आणि नंतर अर्धा-पाऊण तास खोलीबाहेर.

पावसाळ्यात फरशी निथळत्या फडक्याने पुसणं म्हणजे पाणी भरणं. मॉप घट्ट पिळा, पुसल्यावर पंखा लावा, दहा मिनिटांत फरशी कोरडी व्हायला हवी. आणि पुसायच्या पाण्यात खडे मीठ घालत असाल तर जून ते सप्टेंबर ते बंद करा. वर मीटर तपासताना पाहिलंच, मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतून पाणी ओढतं. फरशी दिवसभर चिकट राहते, त्यावर धूळ बसते आणि तुम्ही आणखी पुसता. फिनेलचा उग्र वास नाकाला वेगळाच चिडवतो. साधा डिटर्जंट, बाल्दीला एक लहान चमचा, पुरे.

बुरशी

टाइल्स, काच, बाथरूमच्या सांध्यांवर: आधी डिटर्जंटने घासून काढा, मग एक भाग लिक्विड ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी मिसळून लावा, दहा मिनिटांनी धुवा, कोरडं पुसा. हातमोजे घाला, खिडकी उघडा. ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरबरोबरही नाही.

प्लास्टर आणि लाकडावर ब्लीच फसवतं. रंग उडतो, बुरशी गेली असं वाटतं, पण त्यातलं पाणी आत मुरतं आणि मुळं जिवंत राहतात. प्लास्टर डिटर्जंटच्या पाण्याने, ओल्या स्क्रबरने घासा. कोरडं खरवडू नका, बीजाणू उडतात. मग पंखा लावून पूर्ण सुकवा. लाकडी कपाटाला आतून पांढरं व्हिनेगर, पाणी न घालता. तासाभराने पुसून दारं उघडी. संगमरवरावर व्हिनेगर नको, पॉलिश जातं. चामड्याच्या चपला-पट्ट्यांना सर्जिकल स्पिरिटचा बोळा, आधी आतल्या कोपऱ्यावर रंग निघतो का पाहून. माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी काढून झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणा. पुठ्ठा हे बुरशीचं खाद्य आहे आणि झुरळांचं प्रसूतिगृह.

झुरळं

झुरळाची विष्ठा, लाळ आणि गळालेली कवचं हे दम्याचं मोठं कारण असूनही घरातल्या धुळीच्या चर्चेत त्यांचं नाव निघत नाही. डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेली लहान फिकट तपकिरी झुरळं घरातच वाढतात. मोठी लालसर बहुधा ड्रेनेजमधून येतात, त्यांना जाळी आणि जाळीवर झाकण. लहानांसाठी इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलचं जेल आणा. मुगापेक्षा लहान ठिपके ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळ, सिंकखाली, मिक्सर ठेवतो त्या कोपऱ्यात लावा. स्प्रे अजिबात मारू नका, त्या वासाने ती जेलपर्यंत येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, कारण एका अंडकोशात ३०-४० पिल्लं असतात आणि पहिल्या फेरीत ती बाहेर नसतात. फ्रीजच्या मागच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला ओता. झुरळं संपल्यावर ट्रॉली काढून, रुळांसकट डिटर्जंटने पुसा. हे राहिलं तर मेलेल्या झुरळांची पूड महिनोन्‌महिने त्रास देत राहते.

ऑक्टोबरचं वेळापत्रक

पाऊस ओसरताना त्रास वाढला तर गोंधळू नका. पावसाळाभर वाढलेले माइट आता हवा कोरडी होताना मरतात, त्यांचा चुरा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी दिवाळीची साफसफाई तो चुरा घरभर उडवते. म्हणून आधी गाद्या. ऑक्टोबरच्या कडक उन्हात गच्चीवर प्रत्येक बाजू तीन-चार तास, मधे एकदा उलटी करून. उन्हाकडच्या बाजूचे माइट मरतात, उरलेले खालच्या गार थरात सरकतात, म्हणून उलटणं चुकवू नका. मग तिथेच काठीने बडवा, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून. गादी खाली आणल्यावर तिच्यावर कव्हर चढवा आणि मगच माळा उपसायला घ्या. खिडकीवर कबुतरांची विष्ठा साचली असेल तर ती आधी पाण्याने भिजवून, मास्क लावून काढा. कोरडी खरवडलेली विष्ठा फुप्फुसांना फार वाईट.

एवढं केल्यावर पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तरी थांबा. आर्द्रता ५५ च्या खाली आली तरी गादीच्या आतली ओल हळूहळू उतरते आणि जुने कण धुतल्याशिवाय जात नाहीत. सहा ते आठ आठवडे द्या. तरीही सकाळच्या शिंका तशाच राहिल्या तर त्वचेची चाचणी करून घ्या, कदाचित मांजर असेल.

फॉइलच्या चाचणीत जी भिंत झिरपणारी निघाली, तिचं काम दिवाळीत करू नका. तेव्हा ती आतून ओलीच असते, आणि जांभ्याची असेल तर फारच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फॉइल पुन्हा लावून मागची बाजू कोरडी असल्याची खात्री करा, बाहेरचे तडे आणि खिडक्यांच्या फटी मे महिन्याआधी भरून घ्या. जांभ्याच्या भिंतीला आतून प्लास्टिक पेंटऐवजी चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारतेमुळे ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही.